माहेबूरचं संग्रहालय: मॉरिशसच्या सहलीत राहून जाणारी जागा

नाशिकहून मॉरिशसला जाणाऱ्यांच्या हातात जो कार्यक्रम पडतो, तो बहुतेक ठरलेलाच असतो. एक दिवस उत्तरेचा, एक दिवस दक्षिणेचा, एक दिवस इल ओ सेर्फ बेटाचा आणि उरलेले दिवस हॉटेलच्या किनाऱ्यावर. दक्षिणेच्या दिवशी क्युरपिपचं ज्वालामुखीचं विवर, गंगा तलाव आणि शामारेलची सात रंगांची माती दाखवतात. आग्नेय कोपऱ्यातलं माहेबूर गाव त्यात बसत नाही. विमान उतरतं ते मात्र या गावाच्या अगदी शेजारी, प्लेझान्सला. विमानतळापासून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर सागरी इतिहासाचं एक छोटं, मन लावून पाहावं असं संग्रहालय आहे आणि ते न पाहताच बहुतेक मंडळी परततात.

कागदोपत्री त्याचं नाव राष्ट्रीय इतिहास संग्रहालय. पूर्वी ते नौदल आणि इतिहास संग्रहालय होतं आणि आतल्या मांडणीचा कणा आजही समुद्रच आहे. मॉरिशस म्युझियम्स कौन्सिल ते चालवतं. वर्षानुवर्षं प्रवेश विनामूल्य राहिला आहे. मंगळवारी बंद असतं, बुधवारी सकाळी उशिरा उघडतं आणि बहुतेक दिवशी दुपारी चारच्या सुमारास दारं लागतात. सार्वजनिक सुट्ट्यांनाही बंद. तिथे गणेश चतुर्थीलाही सार्वजनिक सुट्टी असते, हे गणपतीत सहल आखणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. वेळा बदलू शकतात, तेव्हा आदल्या दिवशी हॉटेलच्या काउंटरवरून एक फोन करून घ्या.

ध्वनी-प्रकाशाचा थाट हवा असेल, तर ही जागा तुमच्यासाठी नाही. जुन्या हवेलीत काचेच्या कपाटांमधून मांडलेल्या वस्तू, नकाशे, चित्रं आणि फ्रेंच-इंग्रजी पाट्या, असं त्याचं रूप. काहीच माहिती नसताना गेलात तर वीस मिनिटांत बाहेर पडाल आणि ‘दोन-चार गंजक्या तोफा होत्या’ एवढंच आठवेल. पण एका लढाईची गोष्ट आणि एका खाडीचा नकाशा डोक्यात घेऊन गेलात, तर दीड तास कमी पडतो. म्हणून हे परीक्षण थोडं लांबलं आहे. पाहणाऱ्याने काय घेऊन जायचं, यावरच या संग्रहालयाचा सगळा आनंद अवलंबून आहे.

आधी वास्तू. अठराव्या शतकातली ही फ्रेंच वसाहतीची हवेली रोबियार कुटुंबाची होती. ऑगस्ट १८१० मध्ये समोरच्या खाडीत फ्रेंच आणि इंग्रज नौदलांची लढाई झाली, तेव्हा दोन्ही बाजूंच्या जखमी सेनानींना याच घरात आणलं गेलं. फ्रेंचांचा गी-व्हिक्तोर द्युपेरे तोंडावर मार लागून पडला होता. इंग्रजांच्या नेसबिट विलोबीचा एक डोळा गेला होता. दोघांवर एकाच छपराखाली उपचार झाले. आत पाऊल ठेवताना एवढं ठाऊक असलं, तरी या घराकडे बघायची नजर बदलते.

आता लढाई. तिला ग्राँ पोरची लढाई म्हणतात आणि पॅरिसच्या विजयकमानीवर कोरलेल्या विजयांमध्ये समुद्रावरचा विजय हा एकच आहे. नेपोलियनच्या काळात समुद्रावर इंग्रजांना हरवणं किती दुर्मिळ होतं, ते यावरून कळावं. बेटाचं नाव तेव्हा इल द फ्रान्स होतं. हिंदुस्थानाकडे जाणारी-येणारी ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं इथून निघालेल्या फ्रेंच फ्रिगेटी, म्हणजे मध्यम आकाराच्या वेगवान युद्धनौका, पकडत. ३ जुलै १८१० रोजी ‘सिलोन’ आणि ‘विंडहॅम’ ही मद्रासकडे पलटणी घेऊन चाललेली कंपनीची दोन जहाजं द्युपेरेच्या ताफ्याने धरली आणि ती घेऊन तो या खाडीकडे वळला.

इथे खाडीचा नकाशा समजून घ्या, कारण लढाईचा निकाल त्यानेच लावला. किनाऱ्यासमोर प्रवाळाचा लांब कडा आहे. त्याच्या आत उथळ, हिरवट-निळं पाणी, आणि आतही जागोजागी पाण्याखाली प्रवाळाचे ढीग. मोठ्या जहाजाला आत यायला कड्यातून वाकडीतिकडी खोल वाट आहे आणि तिच्या तोंडाशी इल द ला पास नावाचं बेटुकलं आहे. हे बेटुकलं ज्याच्या ताब्यात, त्याच्या हातात दाराची कडी. इंग्रजांनी ते १३ ऑगस्टला घेतलं आणि वर फ्रेंच झेंडा तसाच फडकत ठेवला. २० ऑगस्टला द्युपेरेची जहाजं या झेंड्याला फसून वाटेच्या तोंडाशी आली. मारा सुरू झाल्यावर फसगत कळली, पण मागे फिरण्याऐवजी बहुतेक जहाजं तशीच आत घुसली आणि खाडीच्या टोकाला किनाऱ्याशी समांतर रांग धरून नांगरली, म्हणजे एका बाजूच्या सगळ्या तोफा समुद्राकडे. मग फ्रेंचांनी वाट दाखवणाऱ्या खुणा हलवल्या.

२३ ऑगस्टच्या संध्याकाळी इंग्रजांच्या चार फ्रिगेटी आत शिरल्या: ‘सिरियस’, ‘मॅजिसिएन’, ‘इफिजिनिया’ आणि ‘नेरेइद’. वाट ठाऊक असलेला जाणता वाटाड्या फक्त ‘नेरेइद’वर होता. ‘सिरियस’ प्रवाळावर चढलं. ‘मॅजिसिएन’ही रुतलं, तेही अशा कोनात की त्याच्या मोजक्याच तोफा शत्रूकडे वळत होत्या. ‘इफिजिनिया’ला मधल्या उथळ भागामुळे जवळ जाता येईना. उरलं एकटं ‘नेरेइद’. त्यावरच्या २८१ जणांपैकी २२० हून अधिक जण ठार किंवा जखमी झाले. पुढच्या दोन दिवसांत ‘मॅजिसिएन’ आणि ‘सिरियस’ शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून इंग्रजांनीच पेटवून दिली. शेवटी ‘इफिजिनिया’ आणि बेटुकल्यावरची शिबंदीही शरण गेली. चार फ्रिगेटी गेल्या आणि फ्रेंचांचं एकही लढाऊ जहाज बुडालं नाही.

‘इफिजिनिया’ पळून का गेलं नाही, हा प्रश्न संग्रहालयात हमखास पडतो. उत्तर वाऱ्यात आहे. या किनाऱ्यावर वर्षभर आग्नेयेचा व्यापारी वारा असतो आणि ऑगस्टमध्ये तो सर्वांत जोरकस. हा वारा जहाजाला खाडीत ढकलतो, बाहेर पडू देत नाही. बाहेर पडायचं तर पहाटेचा मतलई वारा मिळेपर्यंत थांबा, नाहीतर होडीतून नांगर पुढे नेऊन टाका आणि त्याच्या दोराला धरून जहाज हातभर-हातभर ओढा. ‘इफिजिनिया’ दोन दिवस असंच ओढत वाटेच्या तोंडापर्यंत आणलं, तोवर बाहेर आमलँचा दुसरा फ्रेंच ताफा येऊन ठाकला होता. शाळेत भूगोलाच्या पुस्तकात खारे वारे, मतलई वारे आपण सगळ्यांनी पाठ केले आहेत. ते माणसांच्या जिवावर कसे उठू शकतात, ते इथे उमगतं.

एवढं मनात ठेवून ‘मॅजिसिएन’च्या अवशेषांसमोर उभे राहा. या संग्रहालयातलं सर्वांत मोलाचं कपाट हेच. जळून बुडालेल्या या जहाजातून काढलेल्या तोफा, गोळे, छर्रे आणि बाटल्या इथे आहेत. गंमत म्हणजे हे इंग्रजी जहाज मुळात फ्रेंच. १७७८ मध्ये तूलाँच्या गोदीत उतरवलं गेलं आणि १७८१ मध्ये इंग्रजांनी पकडलं. ‘नेरेइद’ही फ्रेंचांचंच, १७९७ मध्ये पकडलेलं. समोरच्या फ्रेंच ताफ्यातलं ‘मिनेर्व्ह’ पोर्तुगीजांकडून हिसकावलेलं आणि ‘सिलोन’ तर इंग्रजांचंच. म्हणजे त्या संध्याकाळी दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या आणि तिसऱ्याच्या गोद्यांत बांधलेल्या जहाजांवरून तोफा डागल्या. पकडलेलं जहाज ही त्या काळी नौदलाची कमाई असे. झेंडा बदलायचा, दुरुस्ती करायची आणि बहुतेकदा नावही तेच ठेवायचं.

नाशिककरांना तोफ नवी नाही. देवळालीचं तोफखान्याचं विद्यालय आणि नाशिकरोडचं तोफखाना केंद्र आपल्या दारातच आहे. पण जहाजावरची तोफ वेगळी. ती लहान, जाड चाकांच्या लाकडी गाड्यावर बसते. बार उडाला की गाडा मागे धावतो आणि जाड दोर त्याला भिंतीशी अडवतो, तेवढ्यातच पुढचा बार भरायचा. चाकं मोठी ठेवली, तर हलत्या डेकवर गाडा आवरत नाही. गाडे लाकडी असल्याने बुडालेल्या जहाजांतून बहुधा नुसत्या नळ्या मिळतात. तेव्हा जमिनीवर ठेवलेली नळी पाहताना खालचा गाडा मनाने जोडून घ्या. नळीच्या दोन बाजूंना जे खुंट दिसतात, ते गाड्यावर टेकायचे. मागचं गोल बोंड आणि त्याभोवतीचा गळा दोर अडकवायला.

तोफेचं नाव गोळ्याच्या वजनावरून. ‘मॅजिसिएन’ बारा पौंडी तोफांची फ्रिगेट होती. इंग्रजी बारा पौंडी गोळा सुमारे साडेपाच किलोचा आणि अकरा सेंटिमीटर व्यासाचा. फ्रेंच पौंड इंग्रजांपेक्षा जड, म्हणून फ्रेंच बारा पौंडी गोळा सहा किलोच्या जवळ जातो. हा फरक किरकोळ वाटतो, पण पकडलेल्या जहाजावर शत्रूचे गोळे आपल्या नळीत बसत नाहीत, ही खरीखुरी अडचण होती.

छर्रे पाहताना एक गोष्ट ध्यानात घ्या. मधल्या दांड्याभोवती लहान गोळे रचून त्यावर किंतानाची पिशवी दोरीने घट्ट विणलेली असे. पिशवी नळीबाहेर पडताच फुटायची आणि गोळे पसरायचे. हे जहाज फोडायला नव्हे, माणसं मारायला. द्युपेरेच्या तोंडावर लागला तो असाच मारा. मोठ्या गोळ्याने मात्र माणूस थेट मरण्यापेक्षा जहाजाच्या भिंतीच्या लाकडी ढलप्या उडून जास्त जखमी व्हायचे आणि विलोबीचा डोळा अशाच ढलपीने गेला.

समुद्रातून काढलेलं लोखंड कसं वागतं, तेही इथे पाहता येतं. बिडाचा गोळा खाऱ्या पाण्यात दोनशे वर्षं राहिला की त्यातलं लोखंड हळूहळू विरघळून जातं आणि मागे काळ्या कार्बनचा सांगाडा उरतो. गोळा दिसतो तेवढाच, पण हातात घेतला तर आश्चर्य वाटावं इतका हलका. शिवाय आत मीठ मुरलेलं असतं. तो नुसता वाळवून कपाटात ठेवला, तर काही महिन्यांत वरून पापुद्रे सुटतात, तडे जातात आणि गोळ्याचा भुगा होतो. म्हणून अशी वस्तू वर काढली की ती वाळू न देता आम्लारी द्रावणात बुडवून, सौम्य वीजप्रवाह देऊन महिनोन्‌महिने, मोठी तोफ असेल तर वर्षानुवर्षं क्षार काढत राहावं लागतं. मगच मेणाचा किंवा रंगाचा लेप. तांबं-पितळ यापेक्षा खूप टिकतं. अठराव्या शतकाच्या शेवटी जहाजांच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकत, कारण उष्ण समुद्रात लाकूड पोखरणारे किडे दोन-चार वर्षांत तळाची चाळण करत. पुरातत्त्वाच्या आवडीने जाणाऱ्यांनी हिरवट पत्रा आणि खिळे कुठे दिसले, तर थांबून पाहावं.

बाटल्यांकडे लोक सहसा नजर टाकून पुढे जातात, तसं करू नका. काळपट हिरव्या काचेच्या बाटलीचं बूड पाहा. आत खोल खळगा आणि मध्ये खरखरीत व्रण असेल, तर ती तोंडाने फुंकून केलेली. फुंकणी तोडल्यावर बाटली ज्या दांड्यावर धरायचे, त्याची ती खूण. बुटकी, फुगीर पोटाची बाटली जुनी आणि सरळ बाजूंची नंतरची. काचेवर तेलासारखा सप्तरंगी थर दिसतो, तो रंग नव्हे. पाण्याखाली काचेतला क्षार निघून गेल्याने पृष्ठभागाचे पातळ पापुद्रे सुटतात आणि प्रकाश त्यांत फुटतो.

‘सँ-जेराँ’ या जहाजाची घंटाही इथे आहे. १७४४ मध्ये रात्रीच्या वेळी ते बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या प्रवाळावर आपटलं आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच वाचले. पुढे एका गाजलेल्या फ्रेंच कादंबरीमुळे हे नाव घराघरात गेलं, पण इतिहासाच्या दृष्टीने त्यातला माल जास्त बोलका. त्या काळचा गव्हर्नर माहे द ला बूर्दोने याने बेटावर साखर कारखाना उभारण्यासाठी मागवलेली यंत्रसामग्री आणि स्पॅनिश चांदीची नाणी त्यात होती. अंजनेरीच्या नाणे संग्रहालयात ज्यांनी वेळ घालवला आहे, त्यांना माहीत असेल की ही स्पॅनिश चांदी त्या काळी अमेरिकेपासून चीनपर्यंत चालत होती. हिंदी महासागरातल्या बुडालेल्या जहाजांत ती वारंवार सापडते, ती त्यामुळेच. उसाच्या यंत्रांचा धागाही सोडू नका. याच उसासाठी पुढे आपली माणसं इथे आणली गेली.

ला बूर्दोने हा आपल्यालाही परका नाही. १७४६ मध्ये याच बेटावरून ताफा नेऊन त्याने इंग्रजांचं मद्रास जिंकलं होतं. माहेबूर हे गावाचं नाव त्याच्यावरूनच. फ्रेंच काळातल्या सामानात त्याचा चार खांबांचा पलंग आणि वेताच्या पालख्या आहेत. पालख्यांच्या दांड्यांची जाडी पाहा आणि त्या कुणाच्या खांद्यावर होत्या, ते विसरू नका. या बेटावरची साखर, रस्ते, गोदी आणि ही हवेलीही गुलामांच्या श्रमावर उभी होती. हा भाग लढाईइतका वेळ देऊन पाहावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कॉर्सेअर, म्हणजे सरकारची सनद घेऊन शत्रूची व्यापारी जहाजं पकडणारे खासगी दर्यावर्दी, यांचा विषय मराठी वाचकाला सर्वांत जवळचा वाटेल. रॉबेर सुर्कूफने ७ ऑक्टोबर १८०० रोजी बंगालच्या उपसागरात ‘केंट’ हे आपल्याहून कितीतरी मोठं कंपनीचं जहाज चढाई करून घेतलं. फ्रेंचांना तो वीर आणि इंग्रजांना समुद्री चाचा. कान्होजी आंग्र्यांच्या बाबतीत इंग्रजांनी हेच केलं होतं. छत्रपतींचा सरखेल, दस्तक न घेता जाणारी जहाजं अडवणारा अधिकारी, पण मुंबईकर इंग्रजांच्या कागदांत तो चाचाच. फरक एवढाच की सुर्कूफ खासगी भांडवलावर लूट करणारा होता, तर आंग्रे राज्याचं आरमार चालवत होते. कुलाबा-अलिबाग ज्यांनी पाहिलं आहे, त्यांनी हा धागा मुलांना नक्की दाखवावा.

डच भाग छोटा आहे, पण चुकवू नका. १५९८ मध्ये डच इथे उतरले आणि आपल्या राजपुत्र मॉरिसवरून बेटाला नाव दिलं. ते १७१० मध्ये कायमचे गेले, तोवर डोडो पक्षी नाहीसा झाला होता. डोडोची चित्रं आणि जुने नकाशे पाहून झाले की एक तपशील लक्षात ठेवा. १८६५ मध्ये माहेबूरचा शाळामास्तर जॉर्ज क्लार्क याने मार ओ साँझ नावाच्या दलदलीत चिखलात पायांनी चाचपायला लावून डोडोची हाडं शोधली. आज जगभरच्या संग्रहालयांत डोडोचे जे सांगाडे दिसतात, त्यांतली बरीच हाडं तिथलीच. ती दलदल विमानतळाला लागून आहे.

इंग्रजी काळाच्या मांडणीत बाहेर ठेवलेला जुना रेल्वेचा डबा लहान मुलांना आवडतो. मॉरिशसची रेल्वे १८६४ ते १९६४ अशी शंभर वर्षं चालली, मुख्यतः उसासाठी.

लढाईच्या गोष्टीचा दुसरा भाग संग्रहालयाबाहेर आहे आणि तो उत्तरेच्या सहलीत आपोआप येतो. इंग्रज हरले खरे, पण गप्प बसले नाहीत. रॉड्रिग्ज बेटावर जमवाजमव करून २९ नोव्हेंबर १८१० रोजी ते उत्तर टोकाला उतरले आणि ३ डिसेंबरला फ्रेंचांनी बेट सोडलं. ज्या काप मालोरोच्या लाल छपराच्या चर्चसमोर सगळे फोटो काढतात, त्याच परिसरातून ही फौज आत शिरली. तीत मुंबई, मद्रास आणि बंगालहून आणलेल्या पलटणी होत्या. मुंबई फौजेत तेव्हा कोकणातल्या माणसांचा भरणा मोठा असे. म्हणजे मराठी माणूस या बेटावर पहिल्यांदा मजूर म्हणूनच आला, असं समजायचं कारण नाही. मजूर आले ते १८३४ नंतर, करारावर. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडची कुटुंबं त्यांतलीच. आजही तिथे मराठी शाळेत शिकवली जाते.

आता पाहण्याचा क्रम. संग्रहालय आधी, किनारा नंतर. उलट केलंत तर किनारा नुसता सुंदर दिसतो, काही सांगत नाही. आत दीड तास घ्या. त्यातला पाऊण तास लढाईच्या दालनाला. मग गावातून पायी किंवा गाडीने प्वाँत दे रेगात या टोकावर जा. तिथे दोन्ही बाजूंच्या मृतांचं एकत्र स्मारक आहे. समोर पूर्वेकडे बारीक रेघेसारखं इल द ला पास दिसतं, डावीकडे सिंहाच्या आकाराचा डोंगर. पाण्याचा रंग वाचायचा प्रयत्न करा. गडद निळं ते खोल, फिकट हिरवं ते उथळ, तपकिरी डाग म्हणजे प्रवाळ. सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान सूर्य डोक्यावर असताना हे रंग सर्वांत स्पष्ट दिसतात. सकाळी लवकर गेलात, तर पूर्वेचं ऊन डोळ्यांवर येतं आणि पाणी नुसतं चकाकतं. लहान दुर्बीण असेल तर बॅगेत टाका. निघण्यापूर्वी मोबाइलवर खाडीचा उपग्रह नकाशा साठवून ठेवा. प्रवाळातली वाट त्यात अगदी स्वच्छ दिसते आणि संग्रहालयातला नकाशा त्याच्याशी ताडून पाहता येतो.

पूर्ण दिवस असेल तर माहेबूरहून होडीने इल द ला पासवरचे तटबंदीचे अवशेष पाहता येतात. होडीवाल्याशी आधी दोन गोष्टी बोलून घ्या: बेटावर उतरवणार की नुसती फेरी मारणार, आणि समुद्र खवळलेला असेल तर पैसे परत की दुसरा दिवस. जून ते सप्टेंबरमध्ये वारा जोरात असतो आणि होडी चांगलीच उसळते. आदल्या रात्री हलकं जेवा. शेजारच्या इल ओ एग्रेतवर जाण्याची व्यवस्था मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनकडून होते. ती पक्षी-झाडांसाठी आहे, लढाईसाठी नाही. एका दिवसात दोन्ही कोंबू नका.

सोमवारी गावात मोठा बाजार भरतो. संग्रहालयही उघडं असतं, म्हणून तो दिवस उत्तम. रस्त्यावर डाळपुरी मिळते, डाळीचं सारण भरलेली पातळ पोळी, वर घेवड्याची भाजी आणि चटणी. शाकाहारी आहे, तरी मिरची वेगळी मागा. तिथली हिरवी मिरचीची चटणी आपल्या ठेच्याला मागे टाकते.

कुठे फसगत होते? पहिली गोष्ट, सहलीच्या गाडीवाल्याला ‘म्युझियम’ एवढंच सांगितलं, तर तो पोर्ट लुईच्या संग्रहालयात किंवा जहाजांच्या प्रतिकृती विकणाऱ्या कारखान्यात नेतो. ‘माहेबूर, रॉयल रोड, नॅशनल हिस्ट्री म्युझियम’ असं स्पष्ट सांगा. दुसरी, टॅक्सीचं भाडं बसण्यापूर्वी ठरवा. थांबण्याचे तास आणि बॅगा गाडीत ठेवण्याची सोय त्यातच धरा. बसनेही जाता येतं, पोर्ट लुईहून क्युरपिप आणि विमानतळमार्गे माहेबूर. पण संध्याकाळी बस लवकर थांबतात. तिसरी, नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंत चक्रीवादळांचा हंगाम. तिथे वादळाचे इशारे चार पायऱ्यांचे असतात आणि तिसरी पायरी लागली की सगळं बंद होतं. त्या महिन्यांत जायचं असेल, तर संग्रहालय शेवटच्या दिवसावर टाकू नका.

एरवी शेवटचा दिवसच सोयीचा. हॉटेल सकाळी सोडायचं असतं आणि मुंबईचं विमान संध्याकाळी किंवा रात्री असेल, तर मधले तास विमानतळाच्या खुर्चीवर जातात. त्याऐवजी अकराला माहेबूर, साडेबारापर्यंत संग्रहालय, एकपर्यंत किनारा, जेवण, आणि विमानाच्या तीन तास आधी प्लेझान्स. येतानाही जमतं. मॉरिशसचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असल्याने सकाळी पोचणाऱ्यांना दिवस लांब मिळतो. फक्त रात्रभराच्या जागरणानंतर लहान मुलांना थेट संग्रहालयात नेऊ नका. आणि नाशिकहून मुंबई विमानतळ गाठताना इगतपुरीपासून समृद्धीने कितीही वेळ वाचला, तरी भिवंडी-ठाण्याची कोंडी धरून, विमानतळावर पोचायच्या वेळेच्या पाच तास आधी घरून निघा.

जहाजाची प्रतिकृती घ्यायची असेल, तर ती संग्रहालय पाहिल्यानंतर घ्या. तोवर डोळा तयार झालेला असतो. चांगल्या प्रतिकृतीत बाजू एकाच लाकडाच्या तुकड्यातून कोरलेली नसते, सांगाड्यावर बारीक फळ्या जोडलेल्या असतात. तोफांची संख्या दोन्ही बाजूंना सारखी असते आणि दोरांच्या गाठी डिंकाच्या थेंबांनी नव्हे, खऱ्याच गाठी मारून बसवलेल्या असतात. डोलकाठ्या सुट्या करून लाकडी खोक्यात बांधून मागा. हातातल्या सामानात नेणार असाल, तर खोक्याची लांबी-रुंदी विमान कंपनीच्या मापात बसते का, ते पैसे देण्यापूर्वी मोजा. सामानाच्या पट्ट्यावर गेलेल्या प्रतिकृतीत हमखास मोडतो तो पुढे आलेला नाळेचा वासा, म्हणून त्याला वेगळा पुठ्ठा लावायला सांगा.